तालुका न्यायालयातील न्यायाधीश मतदानाने निवडले गेले तर ते लोकांना अधिक उत्तरदायी राहतील का?

मखमलाबादकर

नमस्कार. आमच्या शेतजमिनीच्या वाटपाचा दावा नाशिक जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात बरीच वर्षे चालू आहे. साक्षीपुरावा एका न्यायाधीशांसमोर सुरू झाला, त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी आलेलेही काही काळाने बदलून गेले, आणि दर वेळी नव्या साहेबांना प्रकरणाची माहिती होईपर्यंत बोर्डावर नाव लागायचे, पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख घेऊन आम्ही घरी परतायचे, असे चालले आहे. कोणाही न्यायाधीशांविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही, कारण ज्यांच्यासमोर आम्ही उभे राहिलो ते सर्व जण सौजन्याने वागले. परंतु वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, त्यांची साक्ष अजून पूर्ण झालेली नाही, आणि हा विलंब नेमका कोणाच्या दारात मांडायचा हे मला आजवर कळलेले नाही.

अलीकडे कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मावसभावाशी बोलताना त्याने सांगितले, की त्याच्या मतपत्रिकेवर आमदार-खासदारांच्या बरोबरीने स्थानिक न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचे उमेदवारही असतात, आणि काम पसंत नसलेल्या न्यायाधीशाला लोक मतदानाने घरीही पाठवू शकतात. नगरसेवक काम करत नसेल तर पाच वर्षांनी आपण त्याला जाब विचारतो; मग ज्यांच्या निकालावर आपली जमीन, घर आणि कधी कधी स्वातंत्र्यही अवलंबून असते, त्यांना जाब विचारण्याची सोय सामान्य माणसाकडे का नसावी, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

आपल्याकडे तालुक्याच्या न्यायाधीशांची नेमणूक आणि बढती कोण करते, त्यांच्या कामावर कोणाची देखरेख असते, आणि निवडणुकीची पद्धत आपल्याकडे आली तर माझ्यासारख्या पक्षकाराचे भले होईल का, हे या क्षेत्रातील मंडळींनी सविस्तर समजावून सांगावे, ही विनंती.

जुना बार

आपला प्रश्न रास्त आहे आणि तो पक्षकार आम्हा वकिलांना पुष्कळदा विचारतात, परंतु न्यायालयाच्या आवारातील घाईगर्दीत त्याचे नीट उत्तर दिले जात नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्यांच्यासमोर आपला दावा चालू आहे ते बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर असतील, आणि तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही चालवत असतील. सकाळी रिमांडसाठी आणलेला आरोपी, मग न वटलेल्या धनादेशांचे खटले, त्यानंतर एखादा निशाणी ५ वरील, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरती मनाई मागणारा अर्ज आणि वेळ उरला तर वाटपाच्या दाव्यातील उलटतपास, असा त्यांचा दिवस जातो. या पदावरची भरती राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ प्रमाणे राज्यपाल करतात, मात्र त्यासाठी लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून केलेले नियम पाळावे लागतात. प्रत्यक्षात महाराष्ट्र लोकसेवा आयोग १०० गुणांची पूर्वपरीक्षा, प्रत्येकी १०० गुणांच्या दोन लेखी पत्रिकांची मुख्य परीक्षा आणि ५० गुणांची मुलाखत घेतो. निवड झालेल्यांना भाईंदरजवळ उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर कुठल्या तरी तालुक्याला पहिली नेमणूक मिळते.

तेथून पुढे वरिष्ठ स्तर आणि मग जिल्हा न्यायाधीश, अशी वाट आहे. जिल्हा न्यायाधीशपदाच्या निम्म्या जागा पदोन्नतीने, एक चतुर्थांश खात्यांतर्गत मर्यादित स्पर्धा परीक्षेने आणि एक चतुर्थांश थेट भरतीने भरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवून दिले होते. २०१० मध्ये स्पर्धा परीक्षेचा वाटा १० टक्क्यांवर आणला गेला आणि मे २०२५ च्या निकालाने तो पुन्हा २५ टक्के झाला. थेट भरतीसाठी अनुच्छेद २३३ मध्ये सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने असे ठरवले, की वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरत असतील तर सेवेतील न्यायाधीशही त्या जागांसाठी पात्र ठरतात. निवृत्तीचे वय ६० आहे. उच्च न्यायालयात पोहोचण्याची संधी यांतील मोजक्यांनाच मिळते.

आता देखरेखीविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा आणि त्याखालील न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते, त्यामुळे बदली, बढती, रजा आणि शिस्तभंगाची कारवाई हे सर्व विषय सरकारच्या किंवा स्थानिक पुढाऱ्याच्या हातात राहत नाहीत. उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती असतात, न्यायालयांची तपासणी होते, निकाली काढलेल्या प्रकरणांचा हिशेब दर महिन्याला वर जातो आणि निकालपत्रांचा दर्जाही वार्षिक अहवालासाठी पाहिला जातो.

या अनुच्छेदाचे मोल नाशिकच्या माणसाला तरी लवकर पटावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याच जिल्ह्यातील निफाडचे. त्यांचा जन्म तेथे १८४२ मध्ये झाला. पुण्यात सबजज्ज असताना सार्वजनिक सभेच्या कामातील त्यांचा पुढाकार सरकारच्या डोळ्यांत खुपला आणि १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमीत, त्यांना धुळ्याला हलवण्यात आले आणि तेथे त्यांच्या टपालावरही नजर ठेवली गेली. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, ही त्यांची योग्यता. परंतु ज्याच्या हातात बदलीचा कागद असतो तो न्यायाधीशाचे घर कधीही हलवू शकतो, हे त्या काळाने दाखवून दिले. तो कागद घटनाकारांनी विचारपूर्वक उच्च न्यायालयाच्या हाती ठेवला, आणि माझ्या मते आपल्या न्यायव्यवस्थेतील हा अत्यंत शहाणपणाचा निर्णय आहे.

निवडणूक आली तर तो कागद मतदाराच्या हाती जाईल असे आपल्याला वाटते, पण तालुक्याच्या गावी मतदार म्हणजे कोण, याचा विचार करा. आपल्या वाटपाच्या दाव्यात समोर आपलेच चुलते असतील. त्यांची भाऊबंदकी मोठी असेल, सोसायटीवर आणि बाजार समितीवर त्यांची माणसे असतील, आणि न्यायाधीशांना दोन वर्षांनी याच गावांतून मते मागायची असतील, तर एकट्या पडलेल्या बहिणीचा हिस्सा मान्य करताना त्यांच्या मनावर कसले दडपण येईल? आज तेच न्यायाधीश बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले असतात, ठरावीक मुदतीनंतर निघून जातात आणि गावातील कोणत्याही गटाचे देणे लागत नाहीत. ज्या बदलीचा आपल्याला त्रास होतो, तिचे एक कारण हेही आहे.

दूर गोदावरीपासून

माझे बालपण गंगापूर रोडला गेले आणि आता अनेक वर्षे लॉस एंजेलिसमध्ये राहतो. मी वकील नाही, पण येथे न्यायाधीशांसाठी मतदान करतो, म्हणून मतदाराच्या बाजूने काही गोष्टी सांगतो.

प्रथम एक खुलासा करायला हवा. अमेरिकेतील संघराज्य न्यायालयांचे न्यायाधीश निवडून येत नाहीत. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मान्यता देते आणि ते तहहयात पदावर राहू शकतात. निवडणूक असते ती राज्यांच्या न्यायालयांत, आणि तीही प्रत्येक राज्यात वेगळ्या पद्धतीने. आपले सर्व न्यायाधीश मतदानाने निवडण्याचा मार्ग १८३२ मध्ये मिसिसिपीने प्रथम स्वीकारला. त्यामागील भावना आपल्या मनातील भावनेपेक्षा फार निराळी नव्हती, कारण गव्हर्नर आणि विधिमंडळ आपल्या मर्जीतील माणसे न्यायासनावर बसवतात, अशी लोकांची तक्रार होती. पुढे राजकीय पक्षांनी त्या निवडणुकाही ताब्यात घेतल्या. तेव्हा १९४० मध्ये मिसूरीने समितीने नावे सुचवायची, गव्हर्नरने त्यांतून एकाची नेमणूक करायची आणि काही काळाने ‘यांना पदावर ठेवावे का’ एवढाच प्रश्न मतदारांना विचारायचा, असा मध्यम मार्ग काढला.

कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, एक सुपीरिअर कोर्ट असते. आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या आणि खालच्या न्यायालयांच्या कामाचा बहुतेक भाग तेथेच चालतो. न्यायाधीशाची मुदत सहा वर्षांची असते आणि उमेदवाराला निदान दहा वर्षे वकिलीचा किंवा न्यायाधीशपदाचा अनुभव असावा लागतो. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर ती गव्हर्नर भरतात आणि बहुतेक न्यायाधीश या वाटेनेच प्रथम पदावर येतात. पदावरील न्यायाधीशाविरुद्ध कोणी उभे राहिले नाही तर त्याचे नाव मतपत्रिकेवर येतही नाही. मावसभावाने जी नावे पाहिली असतील ती लढत असलेल्या थोड्या जागांची असावीत.

मतपत्रिका घरी टपालाने येते. तिच्यावर उमेदवाराचे नाव आणि त्याखाली त्याचा व्यवसाय एवढेच छापलेले असते, पक्षाचे नाव नसते. सरकारी वकील असे लिहिलेला उमेदवार लोकांना आपोआप भरवशाचा वाटतो, मग त्याने दिवाणी कामकाज कधी पाहिले असो वा नसो. माहितीपुस्तिकेत निवेदन छापायचे तर उमेदवाराला त्याचे पैसे भरावे लागतात. मी वकील संघटनेने प्रसिद्ध केलेले पात्रतेचे शेरे पाहून मत देतो, परंतु माझ्या ओळखीचे अनेक सुशिक्षित लोक मतपत्रिकेचा हा भाग कोराच सोडतात.

याचे परिणाम काय होतात, याचे एक उदाहरण येथे आजही सांगितले जाते. २००६ मध्ये झिंट्रा यानाव्स या अनेक वर्षे न्यायाधीश असलेल्या बाई काउंटीच्या निवडणुकीत पराभूत झाल्या. वकील संघटनेने त्यांना सर्वोच्च शेरा दिला होता, तर त्यांना हरवणाऱ्या उमेदवार, ज्या एका बेकरीच्या भागीदार होत्या आणि ज्यांनी अलीकडच्या काळात फारशी वकिली केलेली नव्हती, त्यांना अपात्र ठरवले होते. मतदारांना यानाव्स हे लॅटव्हियन नाव परके वाटले असावे, असे मत तेव्हा अनेकांनी व्यक्त केले. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी काही दिवसांतच त्यांची पुन्हा नेमणूक केली. परंतु ज्यांच्यासाठी गव्हर्नर धावून येत नाहीत त्यांचे काय?

दुसरे उदाहरण सांता क्लारा काउंटीचे आहे आणि ते मला अधिक अवघड वाटते. २०१६ मध्ये न्यायाधीश अॅरन पर्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात केवळ सहा महिन्यांची कैद दिली आणि देशभर संताप उसळला. न्यायिक वर्तनाची चौकशी करणाऱ्या आयोगाला त्यांच्याकडून गैरवर्तन झाल्याचे आढळले नाही, तरीही जून २०१८ मध्ये मतदारांनी मतदान करून त्यांना मुदतीपूर्वीच पदावरून परत बोलावले. १९३२ नंतर कॅलिफोर्नियात असे प्रथमच घडले. ती शिक्षा मलाही फार कमी वाटली होती आणि पीडितेच्या वेदनेपुढे कायद्याचे बारकावे सांगणे कठीण आहे. परंतु त्यानंतर दुसऱ्या कुठल्या न्यायालयात एखादा गरीब, वकील परवडत नसलेला आरोपी उभा राहिला असेल, तेव्हा समोरच्या न्यायाधीशाला सौम्य शिक्षा योग्य वाटूनही ती देण्याचा धीर झाला असेल का, हा प्रश्न मला अजूनही अस्वस्थ करतो.

एक गोष्ट मात्र निवडणुकीच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडले जातात. तेथील हॅरिस काउंटीत २०१८ मध्ये सतरा कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश एकाच निवडणुकीत विजयी झाल्या. नेमणुकीच्या बंद दारातून ज्यांना आत येता आले नाही त्यांच्यासाठी मतपेटीने दार उघडले, हे खरे आहे. त्याच वेळी अनुभवी न्यायाधीश केवळ दुसऱ्या पक्षाचे म्हणून सरसकट घरी गेले, हेही खरे आहे.

सनदधारक

मी गेल्या वर्षी सनद घेतली असून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे काम शिकते आहे आणि न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करते आहे. वरील चर्चेत भरतीच्या एका बदलाची भर घालणे आवश्यक वाटते, कारण येथील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी सध्या तोच विषय आहे.

२० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही अट २००२ मध्ये काढून टाकण्यात आली होती, त्यामुळे मधल्या काळात पदवी घेतल्याबरोबर परीक्षा देऊन विशीतच न्यायासनावर बसलेले अधिकारी आपण पाहिले आहेत. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यांत धरले जाते, आणि दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलांचे प्रमाणपत्र न्यायिक अधिकाऱ्यांनी साक्षांकित केलेले असावे लागते.

मला ही अट जाचकही वाटते आणि योग्यही वाटते. जाचक यासाठी, की या तीन वर्षांत शिकाऊ वकिलाला मिळणारे मानधन नाशिकमध्ये खोलीचे भाडे भागवण्यासही पुरत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या कळवण आणि सुरगाणा भागातील मैत्रिणींपैकी काहींनी त्यामुळे ही वाट सोडून दिली. योग्य यासाठी, की या काळात मी जे पाहिले ते पुस्तकात नव्हते. बेलिफ समन्स न बजावताच परत का येतो, साक्षीदार शपथ घेतल्यावर कशाला घाबरतो, तारीख मागणाऱ्या वकिलाची अडचण कोणती खरी आणि कोणती सोयीची, हे मागच्या बाकावर बसूनच कळते. सरकारने किंवा वकील परिषदेने गरीब घरांतील होतकरू मुला-मुलींना या तीन वर्षांसाठी विद्यावेतन दिले, तर न्यायासनावर सर्व थरांतील माणसे येण्याचा जो हेतू टेक्सासच्या उदाहरणात निवडणुकीने साधला, तो आपल्याकडे मतदानाशिवाय साधता येईल, असे मला मनापासून वाटते.

वेतनाविषयीही घरी विचारणा होते, म्हणून सांगते. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या शिफारशींप्रमाणे कनिष्ठ स्तराचे मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून सुरू होते. एवढे वेतन स्थैर्य देते आणि मोहापासून दूर राहण्याचे बळही देते. निवडणूक लढवायची असती, तर हेच बळ प्रचाराच्या खर्चाने पहिल्याच दिवशी हिरावून घेतले असते.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. चुलत्यांच्या भाऊबंदकीचे उदाहरण वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण आमच्या दाव्यात आत्याचाही हिस्सा आहे आणि गावात तिच्या बाजूने उभे राहणारे फारसे कोणी नाही. मतदानाने न्यायाधीश निवडावेत, ही कल्पना मी आता सोडून दिली आहे. मात्र वडिलांच्या साक्षीचा प्रश्न तसाच राहतो. बदलून आलेल्या साहेबांसमोर पुरावा पहिल्यापासून सुरू करावा लागेल, असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते, ते खरे आहे का?

जुना बार

ते खरे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १५ प्रमाणे आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेला पुरावा नव्या न्यायाधीशांना जसाच्या तसा वापरता येतो आणि कामकाज थांबले तेथून पुढे चालवता येते. त्याच आदेशाच्या नियम १६ खाली पुरेसे कारण दाखवल्यास साक्षीदाराची साक्ष तातडीने नोंदवून घेण्याची तरतूद आहे. वडिलांचे वय आणि प्रकृती हे कारण मांडून, वैद्यकीय दाखला जोडून आपल्या वकिलांमार्फत असा अर्ज द्या आणि त्यासोबतच ज्येष्ठ नागरिकाचे प्रकरण म्हणून प्राधान्याने सुनावणी घेण्याची विनंतीही करा. समोरची बाजू वारंवार तारखा मागत असेल, तर आदेश १७ प्रमाणे सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देता येत नाहीत, हे रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या, नकला काढून न्यायालयाच्या निदर्शनास आणून द्या. इतके करूनही काम पुढे सरकले नाही, तर ठरावीक मुदतीत दावा निकाली काढण्याचा निर्देश मिळावा म्हणून अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येते.

आणखी एक गोष्ट आताच माहीत असलेली बरी. शेतसाऱ्याच्या जमिनीचे वाटप मंजूर झाले तरी दिवाणी न्यायाधीश फक्त हिस्से ठरवतात. प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे जमिनीचा चांगला-कमी कस, पाहून तुकडे पाडण्याचे आणि ताबा देण्याचे काम संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तेथून ते तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांमार्फत होते. त्यामुळे हुकूमनाम्याची वाट पाहत असतानाच सातबारा, फेरफार आणि मोजणीचे नकाशे अद्ययावत करून ठेवा, आणि आत्याबाईंचे नाव वारसनोंदीत लागले आहे की नाही, हे सर्वांत आधी तपासा.